खसखस चालत नाही

परभणीतून माणसं फुटबॉलचा विश्वचषक पाहायला गेली होती, असं सांगितलं की आधी परभणीचीच माणसं हसतात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण लहानपणापासून म्हणत आलो, पण जर्मनीचा खेळ पाहायला इथून कुणी खरंच उठून जाईल, हे म्हणणाऱ्याच्याही ध्यानीमनी नसतं. पण गेली होती. मीच पाठवली होती. रेल्वे, विमान, सामन्याचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि शेवटी बॅगेची झडती, सगळं माझ्या हातून झालं होतं.

माझं दुकान स्टेशन रोडला, एका बोळाच्या तोंडाशी. दुकान म्हणजे दोन टेबलं, एक लांब बाकडं आणि भिंतीवर विमानाचं एक चित्र, ज्याचा निळा रंग उडून आता ढगाचा झालाय. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले आणि मूळ मालक थकले तसं दुकान माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक ठरलेलं. मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाणारे जथे, आखातात कामाला निघालेली पोरं आणि आमच्या समाजातली बोधगयेला, फार तर श्रीलंकेला जाणारी मंडळी. लोकांना वाटतं आम्ही तिकिटं विकतो. तिकीट आता कुणीही घरबसल्या काढतं. आम्ही विकतो ती धास्ती. कुठं काय चालत नाही, कुठला कागद हातात ठेवायचा, कुठं तोंड बंद ठेवायचं, हे माणसाला निघण्याआधी थोडं थोडं भिववून सांगायचं, म्हणजे तिकडं गेल्यावर मोठं भ्यावं लागत नाही. हाच आमचा धंदा.

फुटबॉल कतारला येणार हे नक्की झालं, तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अकरा जण एका बाजूला असतात, एवढं माहीत होतं. पण आखात माझ्या ओळखीचं होतं, म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे आलं आणि मी शिकले. त्या वेळी तिथं जायला नेहमीचा व्हिसा नव्हता. आधी सामन्याचं तिकीट, मग त्या तिकिटावर प्रेक्षकाचं कार्ड, आणि ते कार्ड म्हणजेच व्हिसा. कार्डासाठी राहण्याचा पत्ता आधी नोंदवायचा. पत्ता नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर विमानात पाय नाही. तिकीट कागदावर मिळायचं नाही, मोबाईलमध्येच. म्हणून मी सगळ्यांना सांगत असे की चार्जर म्हणजेच तिकीट, तो पोटाशी धरून ठेवा. सामन्याच्या दिवसांत मेट्रो फुकट. मैदानात मोठी पिशवी न्यायची नाही, खाणं न्यायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. खोकल्याचं औषध किंवा झोपेची गोळी असेल तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत. आणि एक स्वेटर. वाळवंटात स्वेटर कशाला, म्हणून माझी यथेच्छ टिंगल झाली. पण तिथं आख्खं मैदान एसीनं गार करतात, हे मी वाचलं होतं. परत आल्यावर टिंगल करणाऱ्यांपैकी दोघं शिंकतच दुकानात आले.

ते दोघं म्हणजे सोनपेठचे सख्खे भाऊ. दोघांची तिकिटं एकाच मोबाईलमध्ये, आणि त्या मोबाईलवर धाकट्यानं मैदानाबाहेर एवढे फोटो काढले की दाराशी पोचेपर्यंत बॅटरी संपली. तो सामना त्यांनी बाहेरच्या मोठ्या पडद्यावर पाहिला आणि गावात मात्र आत बसून पाहिला म्हणून सांगितलं. मी आजवर कुठं बोलले नाही, आता लिहिते आहे. एव्हाना गावात ती गोष्ट जुनी झाली असेल.

ताडकळसचा एक सोयाबीनचा व्यापारी होता. अर्जेंटिनाचा कट्टर. का, तर त्यांच्या सदऱ्याचा रंग त्याला आवडायचा. त्याला हलगी न्यायची होती. मी सांगितलं की वाद्याला आधी परवानगी लागते, आणि आता ती मिळायची नाही. तरी निघायच्या दिवशी हलगी काखेत घालूनच आला. शेवटी ती माझ्या भिंतीवर, त्या विमानाच्या चित्राशेजारी टांगून गेला. परत आल्यावर मला म्हणाला, तिथं बाकीच्या देशाच्या लोकांपाशी ढोल होते. मी म्हटलं, त्यांनी आधी परवानगी काढली असेल. तर म्हणाला, "परवानगी काढून वाजवायची ती काय हलगी, मॅडम." आणि भिंतीवरची हलगी उतरवून काखेत घातली.

अशा गोष्टी मी कितीही सांगू शकते, आणि लग्नाकार्यात सांगतेही. पण विश्वचषक म्हटलं की मला आधी आठवतो तो एक स्टीलचा डबा.

वालूरच्या शाळेत भानुदासगुरुजी म्हणून व्यायामाचे शिक्षक होते. कबड्डी-खो-खोच्या मुलखात त्यांनी एकट्यानं फुटबॉल चालवला. बाजरी निघाली की शाळेमागच्या मोकळ्या रानात बाभळीच्या काठ्या रोवून गोल करायचे आणि ठिगळं लावलेल्या एका बॉलवर आख्खी शाळा पळवायचे. त्यांचा एकुलता मुलगा विलास त्यांच्याच संघाचा गोलकीपर. पोलिसात खेळाडूंच्या जागा असतात, त्यातल्या एकीवर विलासला बसवायचं, हे गुरुजींचं आयुष्यभराचं गणित होतं. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी विलास उठला आणि परभणीला माझ्या दुकानात आला. त्याला एसी दुरुस्तीचं काम येत होतं, दोह्याच्या एका कंपनीचा कागद हातात होता. तिकीट मीच काढून दिलं. तो सज्ञान, कागद खरे. न काढायचं कारणच नव्हतं.

नंतर कळलं की गुरुजींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गावात कुणी विषय काढला तर म्हणायचे, "इचारल्याबिगर मैदान सोडलेल्याला परत आत घेत न्हाईत." खेळाचा नियम होता, त्यांनी तो घराला लावला. विलासही त्यांचाच मुलगा. त्यानं परत यायची परवानगी मागितली नाही आणि तो आलाही नाही. आईला तेवढा दर रविवारी फोन करायचा.

तर त्या विश्वचषकाच्या आधी, पावसाळा सरता सरता, एक बाई एकट्याच दुकानात आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, वालूरहून सेलूला आणि सेलूहून एसटीनं परभणीला. बाकड्याच्या अगदी कडेला टेकल्या. त्या कौसाबाई, गुरुजींच्या मंडळी. विलासनं सामन्याची दोन तिकिटं घेतली होती, एक स्वतःला आणि एक वडिलांच्या नावावर. आपल्या खोलीचा पत्ता पाहुण्यासाठी नोंदवूनही ठेवला होता. हे सगळं त्यानं आईला सांगितलं होतं, वडिलांना नाही.

कौसाबाई म्हणाल्या, "ताई, ह्यांला फुटबॉल बघायला म्हनून पाठवायचंय. तेवढंच बोलायचं. दुसरं काई बोललात तर हे जायचे न्हाईत."

मी विचारलं, तुम्हीही का जात नाही, कार्डाचं काहीतरी बघता येईल. तेव्हा त्या जे बोलल्या ते मी विसरले नाही.

"मी गेले की दोघंबी माझ्याशीच बोलतेत. जलमभर तेच केलंय त्यांनी. बापाचं लेकाला अन् लेकाचं बापाला मीच सांगत आले. आता मी नको मधी."

गुरुजींचा पासपोर्ट नवा काढावा लागला. जन्मतारीख अर्थातच एक जून. आमच्या भागात शाळेत घातलेलं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलेलं असतं. गुरुजी दर खेपेला ताठ बसून सगळं ऐकून घ्यायचे आणि प्रश्न फक्त खेळाबद्दल विचारायचे. जागा गोलच्या मागं आहे का बाजूला? गोलच्या मागं असेल तर चांगलं, गोलकीपरचे पाय दिसतात. राहणार कुणाकडे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कार्डावर तो पत्ता छापलेला होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि कार्ड खिशात ठेवलं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आखातात खसखस चालत नाही. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि तिकडच्या कायद्यात ते अफूच्याच पंगतीला बसतं. चिमूटभर सापडली तरी माणूस थेट कोठडीत. उमऱ्याच्या एका जथ्यातल्या बाईच्या मसाल्यावरून नांदेडच्या एका एजंटाची झालेली पळापळ मी जवळून पाहिली होती, तेव्हापासून मी शहाणी झाले. प्रेक्षकांसाठी जी माहितीपत्रकं निघाली होती, त्यांत बिअरबद्दल पानभर होतं, कपड्यांबद्दल होतं, झेंड्याची काठी किती लांब असावी हेही होतं. अमली पदार्थ आणू नयेत, अशीही एक ओळ होती. पण ती ओळ वाचून वालूरच्या बाईला काय कळणार? तिच्या घरात अमली पदार्थ नसतो, खसखस असते. मसाल्यात असते, हिवाळ्यातल्या लाडवात असते आणि दिवाळीच्या अनारशावर तर असतेच असते. ज्यांनी ती पत्रकं लिहिली, त्यांनी अनारसा पाहिलेला नव्हता.

म्हणून मी रीत पाडली होती. निघायच्या दिवशी बॅग दुकानात आणायची, बाकड्यावर उघडायची, मी हात घालून पाहणार, मगच स्टेशनवर जायचं. लोक चिडायचे. विमानतळावर पण एवढं बघत नाहीत, म्हणायचे. मी म्हणायचे, तिथं पाहणारा तुमचा कुणी नसतो, म्हणून इथं मी पाहते. गुरुजींनाही हे सांगितलेलं होतं. त्यांनी घरी बहुधा एवढंच सांगितलं असावं, की बाई बॅग तपासतात.

निघायच्या दिवशी दोघं आले. गाडी संध्याकाळची, हैदराबादची. आमच्या भागाला परदेशी जायला मुंबईपेक्षा अजून हैदराबादच जवळचं. गुरुजींनी नवा पांढरा शर्ट घातला होता, बाकड्यावर बॅग स्वतः उघडली. सगळं कवायतीला उभं राहिल्यासारखं नीट रचलेलं. वरती शिट्टी होती. मी म्हटलं, गुरुजी, शिट्टी मैदानात नेता येणार नाही. त्यांनी लगेच काढून कौसाबाईंच्या हातात दिली. म्हणाले, "बरोबर हाय. शिट्टी पंचापाशीच पाहिजे."

तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला, कापडानं गाठ मारून बांधलेला तो डबा होता. झाकणावर विलासचं नाव कोरलेलं. त्याच्या बारशात मामानं दिलेला. गाठ सोडली तर आत अनारसे. दिवाळी होऊन गेली होती, पण विलासला दिवाळीचं म्हणून कौसाबाईंनी पुन्हा घाट घातला होता. तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, सुकवून, कुटून, गूळ घालून पीठ मुरवायचं, हे उठलं आणि केलं असं काम नाही. सगळे एका मापाचे, जाळी पडलेले, आणि प्रत्येकाच्या एका अंगाला दाट खसखस.

मी डबा हातात घेतला. मग सांगितलं. जमेल तेवढं हळू सांगितलं, पण अशा गोष्टीत हळू काही नसतं.

गुरुजी तापले. म्हणाले, "अफू हाय का ती? दिवाळीचं खाणं हाय." मी त्यांना नांदेडच्या एजंटाचं सांगितलं. कोठडीचं सांगितलं. मग त्यांचा आवाज खाली आला. नियम म्हटल्यावर ते गप्प होत, मग तो कुणाचाही असो.

कौसाबाई पुढं आल्या. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, बाकड्यावर बसल्या, एक अनारसा काढला आणि नखानं त्याच्यावरची खसखस खरवडायला लागल्या. पदर मांडीवर पसरून, दाणे त्याच्यावर पडतील असा. तुपात तळताना बसलेली खसखस, ती कशाला निघते? वरचे चार दाणे निघायचे, बाकीचे रुतलेले. एक झाला, दुसरा घेतला. दुसऱ्याचे दोन तुकडे झाले. गुरुजी दाराकडे तोंड करून उभे राहिले. मी कौसाबाईंचा हात धरला आणि म्हटलं, मावशी, एक दाणासुद्धा राहून चालत नाही.

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

त्यांनी अनारसा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं. पदरावरचे दाणे मुठीत गोळा केले, बाहेर जाऊन गटारात टाकले आणि हात झटकून आत आल्या. मग गुरुजींकडे पाहून म्हणाल्या, "मग तेवढं सांगा त्याला. आईनं केलते म्हनून सांगा. न्हेऊ देत न्हाईत म्हनून राहिले." गुरुजींनी मान हलवली.

डबा रिकामा करून देते म्हटलं तर त्या म्हणाल्या, तुमच्या लेकराबाळांना द्या. मी अनारसे घरी नेले. मला एकही खाववला नाही. आमच्या ह्यांनी चार खाल्ले आणि म्हणाले, फार सुरेख झालेत, कुणी दिले? मी म्हटलं, एका गिऱ्हाइकानं. डबा धुऊन दुकानातल्या कपाटात ठेवला.

मी चुकले नव्हते. हे मी आजही ठामपणे सांगते. तो डबा मी जाऊ दिला असता आणि हैदराबादेत किंवा दोह्यात कुणी उघडला असता, तर गुरुजींची आणि विलासची भेट कुठं झाली असती, हे सांगायची गरज नाही. पण बरोबर असणं आणि बरं वाटणं, या दोन गोष्टी माझ्या धंद्यात क्वचितच एका दिवशी येतात. त्या दिवशी तर नाहीच आल्या.

गुरुजी परत आले ते स्टेशनवरून थेट दुकानात. खजुराचा एक पुडा माझ्यासमोर ठेवला. माणूस फुलला होता. गुरुजींना एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. जागा गोलच्या मागं होती. दुसऱ्या अर्ध्या खेळात डाव्या बाजूनं बॉल आला, गोलकीपर जागचा हलला नाही आणि गोल झाला. गुरुजी म्हणाले, पुढं यायला पाहिजे होता. विलास म्हणाला, "न्हाई दादा, पुढं आला असता तर डोक्यावरून गेला असता." झालं. मैदानातून मेट्रोपर्यंत, मेट्रोतून खोलीपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी चहाला बसल्यावरही बापलेक त्या एका गोलवर भांडले. खोलीतल्या केरळच्या दोघा पोरांनाही पंच म्हणून ओढलं. गुरुजी म्हणाले, "एवढं आमी कदी बोललोच नव्हतो, बाई."

मला फार बरं वाटलं. मी कपाटातून डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि सहज विचारलं, की अनारशांचं सांगितलंत ना?

ते डब्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा सगळा खेळ ओसरला.

"न्हाई सांगितलं."

तेच पुढं म्हणाले, "सामना सुरू व्हायच्या आधी त्यानं इचारलं मला, आईनं काई दिलं न्हाई का म्हनून. मी म्हनलो, न्हाई. सांगायला गेलो असतो तर हिनं इथं बसून नखानं खसखस काढली, ते सांगावं लागलं असतं. ते मला सांगता आलं नसतं. तिथं लोकांत रडू आलं असतं मला."

मी म्हटलं, अजून काय बिघडलंय, फोन लावा आणि सांगून टाका. ते म्हणाले, फोनवर नाही, दिवाळीला तो येणार म्हणालाय, तेव्हा समोर बसवून सांगतो. आणि जाता जाता, उंबऱ्यात थांबून, "हिला मात्र सांगू नका. त्याला सांगितलं म्हनूनच मी हिला सांगणारंय." माणसं किती लहान खोटं बोलतात आणि ते किती लांब जातं, याचा त्यांना अंदाज नव्हता. मलाही नव्हता.

त्यानंतर कौसाबाई अधूनमधून परभणीला दवाखान्यात यायच्या, छातीचं दुखणं होतं. आल्या की माझ्याकडे टेकायच्या, पाणी प्यायच्या. एकदा म्हणाल्या, "विलासनं फोनवर अनारशाचं नावच काढलं न्हाई. ह्यांनी तर सांगितलं म्हनतेत, लय खूश झाला म्हनतेत. मग बोलत का न्हाई?" मी म्हटलं, मावशी, तुम्हीच विचारा की त्याला सरळ. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"केलेलं करणाऱ्यानं सांगायचं नसतंय, ताई. खाणाऱ्यानं सांगायचं असतंय."

त्यांचं म्हणणं आपल्या रीतीला धरूनच होतं. आपण कोण कुणाला सांगतो की मी तुझ्यासाठी हे केलं? वाढायचं आणि पानाकडे बघत उभं राहायचं. आणि विलासनं तर खाल्लंच नव्हतं, त्याला केलेलंही ठाऊक नव्हतं. त्या गेल्या की मी गुरुजींना फोन करायचे. ते म्हणायचे, दिवाळी येऊ द्या. एकदा तर रागावून बोलले मी त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं.

दिवाळी आली, विलास आला नाही. सुट्टी मिळाली नाही, असं त्यानं कळवलं.

पुढच्या उन्हाळ्यात कौसाबाई गेल्या. परभणीच्याच दवाखान्यात, दोन दिवसांत. गुरुजींचा मला फोन आला, आवाज अगदी सपाट. "बाई, विलासला आणायचंय." मी त्याच दिवशीचं विमान मिळवलं, हैदराबादहून गाडी ठरवून ठेवली. धंद्यातली माझी सगळी अक्कल पणाला लावली. तरी तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. उन्हाळ्यात मयत ठेवता येत नाही. गुरुजी त्याला घ्यायला वालूरच्या फाट्यावर उभे होते, असं मला गाडीवाल्यानं सांगितलं.

तेरावा झाल्यावर काही दिवसांनी तो परत निघाला आणि बापलेक दुकानात आले. विलासला मी त्याच्या पहिल्या तिकिटानंतर पहिल्यांदाच पाहत होते. कानाशी केस पांढरे झाले होते. त्यानं काही न सांगता बॅग बाकड्यावर ठेवली आणि उघडली. रीत त्याला वडिलांनी सांगितली असणार. मी वरचे कपडे बाजूला केले आणि तळाशी तोच डबा निघाला. कापडाची गाठ तशीच, फक्त सैल मारलेली.

आत अनारसे होते. एक जाड, एक पातळ. काही कडेनं करपलेले. अनारसा तुपात विरघळून फाकला की आमच्याकडे तो हसला म्हणतात; तसे तीन-चार पार हसलेले, त्यांचे तुकडेही गोळा करून ठेवलेले. गुरुजी म्हणाले, "शेजारणीला इचारून केले. तांदूळ भिजत घातल्यापासून सगळं म्या केलं. खसखस न्हाई लावली. तुमी बघून घ्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या मनातलं त्यांना कळलं.

"सांगितलं त्याला," ते म्हणाले. "नखाचंबी सांगितलं."

विलास डब्याकडेच बघत होता. म्हणाला, "मॅडम, मला वाटलं, फोनवर बोलती, पण आतून आई अजून रागातच हाय. मी न इचारता गेलो म्हनून. बापाला पाठवलं पण सोबत काईच दिलं न्हाई, म्हंजे रागातच आसंल. म्हनून दिवाळीला आलो न्हाई. सुट्टी होती मला."

गुरुजींनी हे आधी ऐकलेलं असावं. ते ताठ उभे होते, फक्त त्यांचा हात मुलाच्या पाठीवर होता.

मग मी माझं काम केलं. डब्यातला एकेक अनारसा उचलला, उजेडाला धरला, उलटून पाहिला आणि परत ठेवला. तुकडेसुद्धा पाहिले. कशावरही काही नव्हतं. आणि ज्या बाईनं आख्खा जन्म लोकांच्या डब्यांत एकही दाणा निघू नये म्हणून घालवला, तिला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, की एखाद्या अनारशाला तरी थोडी खसखस असायला हवी होती.